निळं कुणी नेलं

१

खांबेटेकाकांनी माझ्या टेबलावर एक कोरा कागद ठेवला आणि म्हणाले, "डॉक्टरबाई, ही माझी बायको."

मी विनया पोतदार. सेक्टर बत्तीसच्या सरकारी हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट आहे. माझ्याकडे माणसं येत नाहीत, बरण्यांतून त्यांचे तुकडे येतात, आणि तुकडे गप्पा मारत नाहीत. त्यामुळे कुणी जिवंत माणूस समोर येऊन बसला की मला बरंच वाटतं. पण हे वाक्य ऐकून मी आधी काकांचे डोळे बघितले. लाल होते, पण ठिकाणावर होते.

दिगंबर खांबेटे मूळचे चिपळूणचे. केंद्र सरकारच्या नकाशांच्या खात्यात बदली होऊन चंदीगडला आले आणि इथेच निवृत्त झाले. आता मुलगा आणि सुनेबरोबर एयरोसिटीत राहतात. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत माझी ओळख झाली ती खरं तर नयनाकाकूंशी. काका तेव्हा काकूंच्या मागे उभे राहून नुसती मान डोलवत. काकू गेल्या त्याला वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून काका मंडळात आले की कोपऱ्यातली खुर्ची धरत आणि आरती झाली की निघून जात. ते माझ्याकडेच का आले हे मला नीट कळलं. त्याच कोपऱ्यात दुसरी खुर्ची माझी असते.

काकांचा नाद जगावेगळा आहे. जुन्या काळी नकाशांच्या निळ्या प्रती निघत, त्याच पद्धतीने ते फोटो छापतात. लोखंडाची दोन रसायनं पाण्यात कालवायची, चपट्या ब्रशने जाड कागदावर त्यांचा हात द्यायचा, कागद अंधारात वाळवायचा, वर फिल्म ठेवून गच्चीवर उन्हात धरायचा आणि मग साध्या पाण्यात धुवायचा. जिथे ऊन लागलं तिथे निळं चढतं, बाकी कागद पांढरा राहतो. कागद, ऊन आणि पाणी. काका म्हणतात, यात लबाडीला जागाच नाही.

काकूंच्या शेवटच्या हिवाळ्यात काकांनी त्यांना गच्चीवर बसवून आपल्या लाकडी कॅमेऱ्याने एक फोटो काढला होता. तेवढी मोठी फिल्म त्यांच्याकडे एकच उरली होती. काकू किन्नू, म्हणजे इकडचं संत्रं, सोलत होत्या आणि कशाला तरी हसत होत्या. त्या फिल्मवरून मनासारखी प्रिंट निघायला काकांना हा सगळा हिवाळा लागला, कारण आमच्याकडे जानेवारीत सूर्य रजेवर असतो. मार्च उजाडला तेव्हा कुठे एक जमली. येत्या रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये प्रदर्शन होतं, तिथे ती लावायची होती.

सोमवारी काका फ्रेमसाठी पिंजौरच्या एका सुताराकडे गेले. बसमध्ये त्यांना आठवलं की प्रिंटच्या पांढऱ्या भागावर जराशी पिवळट झाक राहिली आहे, म्हणजे ती अजून पाण्यात पडायला हवी. त्यांनी घरी फोन लावला.

"सूनबाईंनी उचलला," काका सांगू लागले. "त्यांना म्हटलं, टेबलावरची प्रिंट ट्रेमध्ये घाला, पाण्यात सोडा. एवढंच. संध्याकाळी आलो तर ट्रेमध्ये हा कागद."

"पण फिल्म असेल ना? दुसरी प्रिंट काढता येईल."

"फिल्म ड्रॉवरमध्ये असते. तिथे नाही."

घरात त्यांनी कुणाला एका शब्दाने विचारलं नव्हतं. विचारून काय होणार, असं त्यांचं म्हणणं. एकटी प्रिंट गेली असती तर नशीब म्हणून सोडून दिलं असतं, पण फिल्मला काही पाय फुटत नाहीत. दोन्ही मिळून गेल्या, म्हणजे घरातल्याच कुणीतरी ठरवून तिला पुसलं होतं. नाशिकच्या एका वृद्धाश्रमात त्यांनी खोली नक्की केली होती. शुक्रवारची गाडी होती आणि हा बुधवार होता.

"मला भांडायचं नाहीये," काका म्हणाले. "कुणी केलं तेवढं कळू दे. कळल्याशिवाय जाववत नाही, आणि कळल्यावर तिथे राहवणार नाही."

कागद माझ्याकडे ठेवून ते गेले. मी तो दिव्याखाली धरला, मग भिंग लावलं, आणि माझ्या लक्षात आलं की तो कोरा नाहीच.

२

कागदावर पेजेच्या रंगाची एक झाक होती. दिवसभर फिकट डागांकडे बघून डोळे फोडणाऱ्या माझ्यासारख्या बाईलाच दिसावी इतकी पुसट. पण त्या झाकेला आकार होता. एक खांदा, कोपरातून वाकलेला हात. आणि चित्राच्या बाहेर, कागदाच्या कडेला, ब्रशचे फराटे.

आमच्या खात्यात यकृताच्या तुकड्यात लोखंड साचलंय का ते बघायला एक रसायन वापरतात. लोखंड असलं की तिथे निळं उमटतं, आणि गंमत म्हणजे हे निळं आणि काकांच्या प्रिंटमधलं निळं एकच. मी त्या रसायनाचा एक थेंब कडेच्या फराट्यावर सोडला. बघता बघता तो निळा झाला.

म्हणजे लोखंड जागच्या जागी होतं. निळ्याचा निम्मा भागच कुणीतरी काढून नेला होता. या निळ्याला आंबट काही लागलं तर फारसं बिघडत नाही, पण चुन्यासारखं, पापडखारासारखं काही लागलं की ते उडतं. मी काकांना फोन करून विचारलं, ट्रेमधलं पाणी हाताला कसं लागलं. ते आठवत म्हणाले, बुळबुळीत, साबणाचं असावं तसं. साध्या नळाच्या पाण्याने हे होत नाही. पाण्यात कुणीतरी काहीतरी घातलं होतं.

लोखंड शिल्लक आहे हे मी त्यांना सांगितलं नाही. तपास पुरा होईपर्यंत नातेवाइकांना आशा दाखवायची नाही, ही आमची शिस्त आहे. कठोर वाटते, पण आशा परत घ्यावी लागली की त्याहून वाईट दिसतं.

सोमवारी काका गेल्यावर त्या घरात तिघंच आले-गेले. सून गुरनीत, मुलगा निशांत, आणि दुपारी आपला ब्रश न्यायला आलेले विजयकुमार बोंद्रे. बोंद्रे विद्यापीठातून निवृत्त झालेले, नागपूरचे. काकांसारखेच हाताने फोटो छापतात आणि रविवारचं प्रदर्शन दोघांचं मिळून होतं. फोन ठेवताना काका म्हणाले, "तुम्हाला सांगू का डॉक्टरबाई, बोंद्रे गेल्याच महिन्यात चारचौघांत म्हणाले होते, खांबेटेजी, तुमचं निळं एक दिवस घालवून दाखवतो."

३

बोंद्रे दिल्लीला गेले होते, दुसऱ्या दिवशी येणार होते. म्हणून मी आधी गुरनीतकडे गेले. ती आमच्याच हॉस्पिटलात लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. पटियाळ्याची मुलगी, उंच, भरभर चालणारी, आणि हसली की सगळा वॉर्ड हसतो अशी. त्या दिवशी हसत नव्हती.

सोमवारी तिची दुपारची ड्यूटी होती. सकाळी ती घरीच होती, काकांचा फोन आला, त्यांनी सांगितलं ते काम केलं आणि डबा घेऊन निघाली. रात्री आली तर काकांचं दार बंद. मंगळवारी बंद. आजही ते तिच्याशी बोलले नव्हते. प्रिंट गेल्याचं तिला ठाऊकच नव्हतं. मी सांगितल्यावर ती भिंतीला टेकली.

"मम्मी वाली?" ती म्हणाली. "मैंने तो जो बाबा ने बोला, वही किया जी. न एक चीज़ ज़्यादा, न कम. दोबारा पूछा भी था, बाबा ने हाँ बोला."

मी धरून चालले की तिने कुठली प्रिंट ते पुन्हा विचारलं असणार. मग ती काकूंबद्दल बोलू लागली, आणि मी तिला थांबवलं नाही, कारण काकूंबद्दल बोलणारं आता मलाही कुणी भेटत नाही. लग्नाला तीन वर्षं झाली. पहिल्याच आठवड्यात काकूंनी तिला स्वयंपाकघरात उभी करून मराठी शिकवायला घेतली होती. हे आण, ते ठेव, बस गं, जेव आधी. गुरनीतने मला त्या सगळ्या शब्दांची उजळणी करून दाखवली. उच्चार अगदी काकूंचे.

"मम्मी की मराठी आसान थी," ती म्हणाली. "बाबा की मुश्किल है. मम्मी के बाद वो मुझसे मराठी में ही बोलते हैं, और किससे बोलें? निशांत तो हिंदी में जवाब देता है. मैं आधा समझती हूँ, आधा अंदाज़ा लगाती हूँ."

मला वाटलं, काकांचा चिपळुणी हेल तिला जड जात असेल. तेवढ्यात आतून एका मुलाने भोकाड पसरलं आणि ती धावली. जाताना वळून तिने विचारलं, बाबा खरंच जाणार आहेत का. बॅग बाहेर काढलेली तिने पाहिली होती, पण विचारायची हिंमत झाली नव्हती. मी नजर वळवली, आणि उत्तर तिला तेवढ्यातच मिळालं.

४

संध्याकाळी मी एयरोसिटीला गेले. घर नवं, ऐसपैस, आणि दर थोड्या वेळाने डोक्यावरून विमान जातं तेव्हाच काय तो आवाज. तीन माणसांची तीन ताटं तीन वेळेला वाढली जातात हे स्वयंपाकघरातल्या झाकलेल्या पातेल्यांवरून कळत होतं. निशांत घरून काम करतो. एका कंपनीसाठी कॉम्प्युटरवर काहीतरी बनवतो, काय ते मी तीनदा विचारलंय आणि तीनदा विसरलेय.

मी मराठीत विचारत होते, तो हिंदीत उत्तरं देत होता. सोमवारी तो दिवसभर आपल्या खोलीत होता. बोंद्रे आले तेव्हा दार उघडलं, ते आपला ब्रश घेऊन गेले. फिल्म कुठे आहे? ठाऊक नाही. प्रिंट? त्याने पाहिलीच नाही. बाबांनी दाखवली नाही आणि त्याने मागितली नाही.

मग मी प्रदर्शनाचं नाव काढलं आणि त्याचा आवाज चढला. "आंटी, वो मेरी माँ है. बीमार थी. चेहरा काला, हँस रही है तो दाँत तक काले. ऐसे किसी को दिखाते हैं क्या? लोग आएँगे, समोसा खाएँगे, वाह-वाह करेंगे."

एवढं बोलून तो खिडकीबाहेर बघत बसला. तिशी ओलांडलेला दाढीवाला माणूस, पण त्या क्षणी आई शाळेतून न्यायला आली नाही म्हणून फाटकाशी उभ्या राहिलेल्या पोरासारखा दिसला. मला त्याची कीव आली. तरीही जिना उतरताना माझ्या मनात एकच घोळत होतं. काकूंना मी शेवटपर्यंत भेटत होते. आजारात त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि दात तर त्यांचे कधीच काळे नव्हते. मग या पोराने काळे दात पाहिले कुठे?

५

गुरुवारी दुपारी बोंद्रे आले आणि मी सेक्टर पंधराला त्यांच्या घरी धडकले. बायको मुलीकडे कॅनडाला गेलेली, ती आता येण्याची चिन्हं नाहीत, आणि घरभर दोऱ्यांवर वाळत घातलेले तपकिरी फोटो. एकही निळा नाही.

मी सरळच विचारलं, खांबेटेकाकांची प्रिंट तुम्ही घालवलीत का.

बोंद्रे आधी चक्रावले, मग दुखावले. "काय बोलून राहिल्या तुम्ही? दुसऱ्याच्या प्रिंटला हात नाही लावत मी. गेलो तेव्हा ती ट्रेमध्येच होती अन् निळं उतरूनच राहिलं होतं. मी तं खूश झालो नं. म्हटलं, आले शेवटी खांबेटेजी लायनीवर."

मला कळेना. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि समजावलं. दोघांचा वाद जुना. काकांना निळं ते निळंच हवं, आणि बोंद्र्यांना निळं आवडत नाही. माणसाचा चेहरा काय आकाशाचा तुकडा आहे, म्हणतात. म्हणून ते आपल्या प्रिंटचा रंग पालटतात. प्रिंट आधी सोड्याच्या पाण्यात टाकायची. निळं सगळं उडून जातं आणि कागद कोरा झाल्यासारखा दिसतो. मग तो कोऱ्या चहात नाहीतर हिरड्याच्या काढ्यात बुडवायचा. लोखंड कागदातच असतं, त्याला चहा लागला की चित्र काळसर तपकिरी होऊन परत येतं. निळं घालवून दाखवतो, या धमकीचा अर्थ एवढाच होता. काकांनी बोंद्र्यांचं हे व्याख्यान कधी पुरतं ऐकून घेतलंच नव्हतं.

"मग फोन का नाही केलात?"

"म्हटलं, त्यांनाच सांगू द्या. मी केला असता तं म्हणाले असते, बोंद्रे नगारा वाजवून राहिला. तीन दिवस झाले वाट बघून राहिलो." मग म्हणाले, "दुसरं आहे कोण मला फोन करणारं?"

बोंद्रे खरं बोलत होते. ते पोचायच्या आधीच पाण्यात सोडा पडला होता. मी निघाले.

मला एक सवय लागलीय. गाडीत एकटी असले की मी मोठ्याने मराठी बोलते. हॉस्पिटलात हिंदी, पंजाबी, इंग्रजी, आणि घरी कुणीच नाही. मग जीभ गंजेल अशी भीती वाटते. सिग्नलला शेजारचे लोक समजतात, बाई फोनवर आहे. त्या दिवशी रस्त्यावर पानांचा खच पडला होता, कारण इथली झाडं मार्चमध्येच झडतात, आणि मी गाडी हाकत हा सगळा मामला स्वतःलाच सांगत होते. काका बसमध्ये बसले. काकांना पिवळी झाक आठवली. काकांनी सूनबाईंना फोन केला आणि सांगितलं, प्रिंट ट्रेमध्ये घाला, पाण्यात सोडा.

मी गाडी कडेला घेतली. तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या खेपेला पटियाळ्याच्या कानाने ऐकत. मग काकांना फोन लावला आणि सांगितलं, सगळ्यांना घरी थांबवा, मी बोंद्र्यांना घेऊन येते.

६

दिवाणखान्यात आम्ही पाच जण होतो. काका दाराजवळच्या खुर्चीत बसले होते आणि बॅग त्यांच्या पायाशी होती. त्यांनी बोंद्र्यांकडे पाहिलं नाही, मुलाकडे पाहिलं नाही आणि सुनेकडे तर नाहीच नाही.

मी गुरनीतला म्हटलं, "बाबा फोनवर काय बोलले ते त्यांच्याच शब्दांत सांग."

तिने डोळे मिटून आठवलं. "बाबा बोले, टेबल वाली प्रिंट, ट्रे, पाण्यात सोडा. मैंने पूछा, पानी में सोडा? बाबा बोले, हो हो, पाण्यात सोडा. खाने वाला सोडा ज़रा-सा ही था, तो मैंने कपड़े धोने वाला डाल दिया. बोंद्रे अंकल भी तो डालते हैं."

काका जागच्या जागी ताठ झाले. निशांतने कपाळावर हात मारला, कारण मराठी बोलत नसला तरी कळत त्याला सगळं होतं. गुरनीत एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिली.

"सोडा मतलब छोड़ दीजिए," मी तिला सांगितलं. "पानी में छोड़ दीजिए. बस इतना."

"मम्मी तो 'सोड' बोलती थीं," ती पुटपुटली. "हाथ सोड. ज़िद सोड." आणि मग काय घडलं ते तिला उमगलं, आणि तिने ओढणी तोंडाशी धरली. "मैंने मम्मी को धो दिया?"

मी काकांकडे वळले. खरं सांगते, मला त्यांचा रागच आला होता. "काकूंनी हिला पहिल्या दिवसापासून तू म्हटलं. म्हणून हिला आण कळतं, ठेव कळतं, सोड कळतं. तुम्ही तीन वर्षं हिला तुम्ही म्हणताय. घाला, ठेवा, सोडा. तू म्हणाला असतात तर 'पाण्यात सोड' म्हणाला असतात, आणि सोडा पडला नसता. आपल्या माणसाला तू म्हणतात, काका." मग तेच मी गुरनीतला हिंदीत सांगितलं, तिला आणखी एकदा अंदाज बांधावा लागू नये म्हणून.

"परक्याची मुलगी," काका कसेबसे म्हणाले. "एकदम तू कसं म्हणायचं? मान द्यावा म्हणून..."

"मान दिलात. जवळ नाही केलंत."

डोक्यावरून एक विमान गेलं. मग काकांनी हळू आवाजात विचारलं, आणि फिल्म? फिल्म सोड्याने जात नाही.

"ते वेगळं आहे," मी म्हटलं. "आपण एक हात शोधत होतो, पण हात दोन होते. निशांत, आईचा फोटो तू पाहिला नाहीस म्हणालास. पण चेहरा काळा, दात काळे, हे तुला दिसलं. हसताना दात काळे फक्त फिल्मवर दिसतात. फिल्मवर गोरं ते काळं असतं आणि काळं ते पांढरं."

निशांतने नाकारलं नाही. उठला, आत गेला आणि एक पाकीट घेऊन आला. गेल्या रविवारीच त्याने फिल्म ड्रॉवरमधून काढली होती. प्रिंटचं जे झालं ते त्याला ठाऊक नव्हतं. रोज सकाळी तो ती खिडकीशी धरून बघायचा. काळी तर काळी, आई होती. बाबा तिला हॉलमध्ये लावणार, मग ती सगळ्यांची होणार, आणि आपल्याकडे तिचं काहीच उरणार नाही, असं त्याला वाटलं. मागायला काय झालं होतं, असं मी विचारणार होते, पण विचारलं नाही. त्या घरात मागायची पद्धतच उरली नव्हती.

काकांनी पाकीट घेतलं, फिल्म उजेडात धरून पाहिली आणि मुलाच्या हातात परत दिली. "ठेव तुझ्याकडे," ते म्हणाले. "मला लागली की मागेन."

तोवर बोंद्रे स्वयंपाकघरात शिरले होते. त्यांनी कोरा चहा कडक उकळला, गाळला, निववला आणि काकांच्या ट्रेमध्ये ओतून ट्रे दिवाणखान्यात आणला. मी माझ्या पिशवीतून कागद काढून दिला. बोंद्र्यांनी तो चहाखाली सरकवला आणि ट्रे हळूहळू हलवत राहिले. आधी काहीच झालं नाही. मग काकूंच्या डोक्याला बांधलेल्या रुमालाच्या चुण्या दिसू लागल्या, मग बोटं, मग बोटांमधला किन्नू. चेहरा शेवटी आला. डोळे उन्हाने बारीक झालेले, आणि दात पांढरे. कडेला माझ्या तपासणीचा थेंब तेवढा निळाच राहिला.

गुरनीत आता मोकळेपणी रडत होती. काका ट्रेवर वाकून बघत होते. "निळी नाही राहिली," ते म्हणाले.

"फिल्म आहे नं घरात," बोंद्रे म्हणाले. "निळी पुन्हा काढा, कोण नाही म्हणते. पण ही पण चांगली दिसून राहिली की नाही?"

काका म्हणाले, दिसतेय. बोंद्र्यांचं म्हणणं त्यांनी मान्य केल्याचं मी प्रथमच ऐकलं.

माझं काम संपलं होतं, पण बॅग तिथेच होती. गाडी उद्याची होती आणि तिच्याबद्दल कुणी बोलेना. सगळे ट्रेकडे बघत होते आणि सगळ्यांच्या डोक्यात ती बॅग होती. मी बोलले असते, पण तो हक्क माझा नव्हता.

गुरनीतने चेहरा पुसला. ती मनातल्या मनात काहीतरी जुळवत होती, ओठ हलत होते. मग काकांसमोर जाऊन म्हणाली, "बाबा, तू नको जाऊ."

निशांत चपापला. "यार, बाबा को तू नहीं बोलते."

"पता है मुझे," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "इसीलिए बोला."

काका पुन्हा खुर्चीत बसले. मग म्हणाले, कुणाला उद्देशून ते कळलं नाही, "चारचौघांत ती अहो म्हणायची. दोघंच असलो की तू. ती गेली आणि मला तू म्हणणारं कुणी राहिलं नाही." हे ऐकून मला माझंच वाईट वाटलं. मला सगळं गाव मॅडम म्हणतं.

काकांनी खिशातून फोन काढला, उलटसुलट करून पाहिला आणि सुनेपुढे धरला. "हे तिकीट कसं रद्द करतात ते मला येत नाही," ते म्हणाले. आणि मग, पहिल्यांदाच बोलत असल्यासारखे अडखळत, "तू कर."

गुरनीतने ओले हात ओढणीला पुसले आणि फोन घेतला.